सतरा वर्षांचे मास्तर : हेन्री डेरोझिओ आणि त्यांनी घडवलेली (की बिघडवलेली?) मुले

१/ २३ एप्रिल १८३१. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजच्या व्यवस्थापक मंडळाची सभा भरली होती. विषय एकच : हेन्री लुई व्हिव्हियन डेरोझिओ या शिक्षकाचे काय करायचे? शिक्षकाला बाविसावे वर्ष पूर्ण होऊन पाचच दिवस झाले होते. तक्रार अशी की, त्यांच्या शिकवण्याच्या रीतीमुळे चांगल्या घरांतील मुले बिघडली. शिक्षकाची शैली मुलाचे व्यक्तिमत्त्व खरोखर किती घडवते, या प्रश्नावर एका भारतीय शहराने घातलेला हा बहुधा पहिला मोठा जाहीर वाद. आजचा धागा त्यावर. थोडा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/ ‘अमुक गुरूंनी तमुक शिष्य घडवला’ असे आपण सहज म्हणतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी मात्र हे विधान फार अवघड. शिष्य मोठा झाल्यावर गुरूच्या आठवणी लिहिल्या जातात, आणि यशाचा उजेड मागे वळून वर्गावर पडतो. डेरोझिओंचे प्रकरण वेगळे आहे. येथे आरोप त्याच वेळी झाला, शिक्षकाचे स्वतःचे उत्तर लेखी उपलब्ध आहे, आणि विद्यार्थ्यांची पुढची चाळीस-पन्नास वर्षेही आपल्याला ठाऊक आहेत.

३/ आधी शाळेविषयी. हिंदू कॉलेज २० जानेवारी १८१७ रोजी सुरू झाले. कलकत्त्यातील धनिक हिंदू आणि डेव्हिड हेअर नावाचे स्कॉटिश घड्याळजी यांच्या खटपटीतून ते उभे राहिले. प्रवेश फक्त हिंदू मुलांना, आणि तीही बहुतेक सधन, उच्चवर्णीय घरांतील. मुलींचा प्रश्नच नव्हता. पालकांचा हेतू सरळ होता : मुलाला इंग्रजी यावे, मान मिळावा, पैसा मिळवता यावा. घरचा धर्म आणि रीतिरिवाज मात्र होते तसेच राहावेत. ज्ञान नवे हवे होते, मुलगा मात्र जुनाच हवा होता. पुढच्या संघर्षाचे मूळ येथे आहे.

४/ त्या काळच्या देशी शाळांत शिक्षण म्हणजे मुख्यतः घोकंपट्टी, अक्षर गिरवणे आणि तोंडी हिशेब. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेचे वर्णन ज्यांनी वाचले आहे, त्यांना हे चित्र नवे नाही. शिक्षक बोलणार, मुलाने म्हणायचे, चुकल्यास छडी. या रीतीने हस्ताक्षर आणि स्मरणशक्ती उत्तम तयार होई, हे नाकारता येत नाही. पण या शाळेत मुलाने प्रश्न विचारण्याला जागा नव्हती. प्रश्न विचारण्याचा अधिकार शिक्षकाचा.

५/ डेरोझिओ स्वतः कोणाच्या हाताखाली शिकले, हे पाहणे महत्त्वाचे. जन्म १८ एप्रिल १८०९, कलकत्ता. वडिलांकडून पोर्तुगीज-भारतीय वंश, आई इंग्रज. म्हणजे त्या शहरात ना धड गोऱ्यांत, ना धड देशींत. ते शिकले धर्मतला येथील डेव्हिड ड्रमंड यांच्या शाळेत. ड्रमंड हे स्कॉटलंडहून आलेले, स्वतंत्र विचारांचे म्हणून प्रसिद्ध असलेले शिक्षक. त्यांच्या शाळेत युरोपीय, मिश्रवंशीय आणि भारतीय मुले एकत्र बसत. त्या काळच्या कलकत्त्यात ही साधी गोष्ट नव्हती.

६/ वयाच्या चौदाव्या वर्षी डेरोझिओंची शाळा संपली. काही काळ कारकुनी, मग भागलपूरकडे नातेवाइकांच्या निळीच्या मळ्यावर वास्तव्य. तेथे गंगेच्या काठी त्यांनी इंग्रजीत कविता लिहिल्या. त्या कलकत्त्याच्या ‘इंडिया गॅझेट’मध्ये छापून आल्या. १८२६ मध्ये हिंदू कॉलेजात शिक्षक म्हणून नेमणूक झाली तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. समोर बसलेली कित्येक मुले त्यांच्याहून जेमतेम तीन-चार वर्षांनी लहान. विषय : इंग्रजी साहित्य आणि इतिहास.

७/ मग त्यांच्या रीतीत नेमके वेगळे काय होते? पहिली गोष्ट : त्यांचा वर्ग घंटेला संपत नसे. शाळा सुरू होण्यापूर्वी आणि सुटल्यानंतर ते मुलांशी बोलत बसत. त्यांच्या घराचे दार मुलांना उघडे असे. दुसरी : मुलाने आपले मत मोकळेपणाने मांडावे, असा त्यांचा आग्रह होता. तिसरी : सत्यप्रियतेवर भर. एका समकालीनाने नोंदवले आहे की, हा मुलगा कॉलेजचा आहे, तो खोटे बोलणार नाही, असे लोक म्हणू लागले होते. पालकांच्या तक्रारींच्या गदारोळात ही नोंद हरवून जाते, म्हणून येथे मुद्दाम देतो.

८/ १८२८ च्या सुमारास ‘अकॅडेमिक असोसिएशन’ ही वादसभा सुरू झाली. अध्यक्ष डेरोझिओ. माणिकतला येथील एका बागेतल्या घरात तिच्या बैठका होत. विषय पाहा : माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे की सारे दैवाधीन? सद्गुण म्हणजे काय? देशप्रेम म्हणजे काय? ईश्वराच्या अस्तित्वाच्या बाजूने आणि विरुद्ध कोणती प्रमाणे आहेत? मूर्तिपूजा आणि पुरोहितशाही योग्य आहे काय? पंधरा-सोळा वर्षांची मुले यावर उभे राहून बोलत होती. डेव्हिड हेअर यांच्यासारखी वडीलधारी माणसे ऐकायला येऊन बसत.

९/ मोठ्या माणसाने आपले म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले, हा अनुभव त्या वयात काय करतो याची कल्पना करावी. घरी वडील आणि काका यांच्यासमोर तोंड उघडण्याची मुभा नाही. शाळेत हेडमास्तरांचा धाक. आणि येथे आपल्या वाक्याला प्रतिवाक्य मिळते, छडी नाही. या मुलांना मिळालेला सर्वांत मोठा धडा बहुधा पुस्तकातला नव्हताच. माझे म्हणणे मोजले जाते, म्हणून मला ते जबाबदारीने मांडले पाहिजे, हा तो धडा होता.

१०/ परिणाम लवकरच घरोघरी दिसू लागले. प्रार्थनेच्या वेळी काही मुले स्तोत्रांऐवजी होमरच्या ‘इलियड’मधील ओळी म्हणत. जातीची बंधने मोडून खाणे-पिणे सुरू झाले. रसिककृष्ण मलिक या विद्यार्थ्याने न्यायालयात साक्ष देताना गंगाजलाची शपथ घेण्यास नकार दिला. गंगेचे पावित्र्य आपण मानत नाही, असे त्याने सांगितले. शहरात खळबळ उडाली. अनेक पालकांनी मुलांची नावे काढली, काहींनी त्यांना घरी बसवले. नावे काढली म्हणजे शुल्क बुडाले, आणि मग व्यवस्थापक मंडळ जागे झाले.

११/ आता पुन्हा २३ एप्रिलच्या सभेकडे. मंडळापुढे दोन वेगळे प्रश्न आले. पहिला : मुलांचे शिक्षण सोपवण्यास डेरोझिओ अयोग्य आहेत काय? यावर बहुमत त्यांच्या विरोधात गेले नाही. दुसरा : हिंदू समाजाची सध्याची मनःस्थिती पाहता त्यांना दूर करणे आवश्यक अथवा सोयीचे आहे काय? हेअर आणि संस्कृतचे विद्वान होरेस हेमन विल्सन यांनी, हा हिंदू समाजाच्या भावनेचा प्रश्न असल्याने, मत दिले नाही. उरलेल्यांचे बहुमत काढून टाकण्याच्या बाजूने पडले. श्रीकृष्ण सिंह यांनी विरोध केला.

१२/ हा तपशील नीट वाचण्यासारखा आहे. शिक्षक अपात्र ठरला नाही. तो गैरसोयीचा ठरला. आरोपाची चौकशी नाही, साक्षीपुरावा नाही, शिक्षकाला बोलावणेही नाही. डेरोझिओंनी २५ एप्रिलला राजीनामा पाठवला आणि त्यात नेमके हेच नोंदवले. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निर्णय करू नये, असे मुलांना शिकवणाऱ्या माणसाची बाजू मात्र कोणी ऐकली नाही.

१३/ विल्सन यांनी खाजगी पत्रातून त्यांना तीन प्रश्न विचारले. तुम्ही ईश्वर मानता काय? आई-वडिलांचा मान राखणे हे नैतिक कर्तव्य नाही, असे तुम्ही शिकवता काय? भाऊ-बहिणीचा विवाह तुम्हाला निर्दोष वाटतो काय? २६ एप्रिलचे डेरोझिओंचे उत्तर हा या प्रकरणातील सर्वांत मोलाचा कागद. तिसऱ्या आरोपाला त्यांनी साफ नकार दिला. पहिल्या दोन उत्तरांतून मात्र त्यांची सारी अध्यापनपद्धती उलगडते.

१४/ ईश्वराविषयी त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : या विषयावर तत्त्वज्ञांना पडलेल्या शंका मी मुलांपुढे मांडल्या, हे खरे, पण त्या शंकांची उत्तरेही मांडली. ह्यूमचा युक्तिवाद वाचायला दिला, तशी रीड आणि ड्यूगल्ड स्ट्यूअर्ट यांनी दिलेली उत्तरेही दिली. एकच बाजू शिकवली असती, तर मी मुलांना हट्टी आणि अज्ञानी केले असते. काही मुलांचा विश्वास डळमळला याचा दोष माझ्यावर येत असेल, तर काहींचा दृढ झाला याचे श्रेयही मलाच द्यावे लागेल, असा त्यांचा बिनतोड प्रश्न होता.

१५/ दुसरे उत्तर अधिक बोलके. महेशचंद्र सिंह नावाचा विद्यार्थी वडिलांशी उद्धटपणे वागला, तेव्हा डेरोझिओंनी त्याला कडक शब्दांत सुनावले होते. दक्षिणारंजन मुखर्जी याला घरचा जाच असह्य झाला होता आणि तो घर सोडू पाहत होता. जाच खरा आहे हे माहीत असूनही डेरोझिओंनी त्याला तसे न करण्याचा सल्ला दिला. म्हणजे मुलांना घराविरुद्ध भडकवणारा शिक्षक ही शहराने रंगवलेली प्रतिमा आणि वर्गातला प्रत्यक्ष माणूस यांत बरेच अंतर होते.

१६/ तरीही डेरोझिओंना देवपदी बसवण्याची घाई नको. ते कॉलेजातून गेल्यावर चारच महिन्यांनी, २३ ऑगस्ट १८३१ रोजी, कृष्णमोहन बॅनर्जी यांच्या घरी मित्रमंडळी जमली. कृष्णमोहन स्वतः घरी नव्हते. मित्रांनी गोमांस खाल्ले आणि हाडे शेजारच्या ब्राह्मणाच्या आवारात फेकली. कृष्णमोहनना घर सोडावे लागले. ही सत्यशोधनाची रीत नव्हे. हा तरुणांचा माज होता. प्रश्न विचारायला शिकवणारी शैली शेजाऱ्याच्या मनाचा विचार करायला आपोआप शिकवत नाही. तो धडा वेगळा द्यावा लागतो, आणि तो अपुरा राहिला, असे म्हणण्यास जागा आहे.

१७/ तो पुरा करण्यास डेरोझिओंना वेळच मिळाला नाही. राजीनाम्यानंतर त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे पत्र चालवले. डिसेंबरात पटकीने गाठले आणि २६ डिसेंबर १८३१ रोजी, बाविसाव्या वर्षी, ते वारले. साऊथ पार्क स्ट्रीटच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. अध्यापनाची एकूण कारकीर्द जेमतेम पाच वर्षांची. आता पाहू, ती बिघडलेली मुले पुढे काय झाली.

१८/ कृष्णमोहन बॅनर्जी : १८३२ मध्ये ख्रिस्ती झाले, धर्मोपदेशक आणि विद्वान म्हणून नावाजले.
रामतनू लाहिरी : १८५१ मध्ये जानवे उतरवले, सामाजिक बहिष्कार सोसला, आयुष्यभर शिक्षक राहिले.
रामगोपाल घोष : यशस्वी व्यापारी आणि वक्ते. गोऱ्यांना मुफसलच्या न्यायालयांच्या कक्षेत आणणाऱ्या कायद्याच्या मसुद्यांना त्यांनी पाठिंबा दिला; चिडलेल्या युरोपीयांनी त्यांना ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या उपाध्यक्षपदावरून दूर केले.
दक्षिणारंजन मुखर्जी : १८४९ मध्ये बेथून यांच्या मुलींच्या शाळेसाठी जमीन दिली.

१९/ प्यारीचंद मित्र यांनी १८४६ मध्ये जमीनदार आणि रयत यांच्या संबंधांवर लेख लिहिला. पुढे ‘आलालेर घरेर दुलाल’ ही बंगालीतील आरंभीची गाजलेली कादंबरी (१८५८) त्यांनी बोलीच्या जवळ जाणाऱ्या भाषेत लिहिली. कादंबरीचा विषय काय? श्रीमंत घरात लाडाने आणि चुकीच्या शिक्षणाने वाया गेलेला मुलगा! मुले बिघडवल्याचा ठपका ज्यांच्या शिक्षकावर आला, त्यांच्याच लेखणीतून मूल खरोखर कशाने बिघडते याची ही गोष्ट उतरली.

२०/ आणि राधानाथ शिकदार. १८३१ मध्ये ते सर्वेक्षण खात्यात गणक म्हणून लागले. १८५२ च्या सुमारास ‘शिखर १५’ जगातील सर्वांत उंच असल्याचे ज्या गणनेतून निघाले, तिच्यात त्यांचा मोठा वाटा; १८५६ मध्ये जाहीर झालेली उंची २९,००२ फूट. पण मला त्यांची दुसरी हकिकत अधिक महत्त्वाची वाटते. १८४३ मध्ये डेहराडूनला मॅजिस्ट्रेट व्हॅन्सिटार्ट खात्यातील मजुरांना वेठीला धरत होता. शिकदारांनी त्याला जाहीर विरोध केला. खटला झाला, २०० रुपये दंड बसला. त्या काळी एका देशी नोकराने गोऱ्या मॅजिस्ट्रेटशी असे उभे राहणे ही लहान गोष्ट नव्हती.

२१/ ही यादी पुन्हा पाहा. एक ख्रिस्ती धर्मोपदेशक, एक जानवे उतरवणारा शिक्षक, एक व्यापारी, एक कादंबरीकार, एक गणिती. मते एकमेकांशी जुळत नाहीत. डेरोझिओंनी मुलांना आपली मते दिली असती, तर त्यांच्या नकला तयार झाल्या असत्या. तशा झालेल्या दिसत नाहीत. समान आहे ती एक सवय : पटत नसेल तर तसे सांगायचे, आणि सांगण्याची किंमत स्वतः मोजायची. शिक्षक विचार देतो त्यापेक्षा विचार करण्याची ढब देतो, या विधानाला यापेक्षा चांगला पुरावा मला आढळलेला नाही.

२२/ आता सावधगिरी. हे सारे एका माणसाचे कर्तृत्व मानणे चूक ठरेल. यांतील सगळेच डेरोझिओंच्या वर्गात बसले नव्हते. काहींचा संबंध मुख्यतः वादसभेतून आला. शिकदारांचे गणित घडवले ते टायटलर या शिक्षकांनी. हेअर यांची माया सर्वांच्याच पाठीशी होती. राममोहन रॉय यांनी वातावरण आधीच ढवळून ठेवले होते. आणि पोटापाण्याची चिंता नसल्याने बंड परवडणारी घरे बऱ्याच जणांची होती. गरीब मुलाने गंगाजल नाकारले असते, तर काय झाले असते, हा प्रश्न विचारायलाच हवा.

२३/ मराठी वाचकासाठी एक जोड. डेरोझिओ वारले त्यानंतर अकराव्या दिवशी, ६ जानेवारी १८३२ रोजी, मुंबईत ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला. संपादक बाळशास्त्री जांभेकर, तेही विशीच्या आसपासचे, आणि १८३४ पासून एल्फिन्स्टनमध्ये शिक्षक. मुंबईच्या नवशिक्षित तरुणांनी १८४९ मध्ये परमहंस सभा काढली. तिच्या अग्रणींपैकी दादोबा पांडुरंग हेही शिक्षक आणि व्याकरणकार. पण ती सभा गुप्त होती. सभासदांची नावे फुटल्यावर, १८६० च्या सुमारास, ती मोडली. कलकत्त्याच्या मुलांनी उघड बोलून घरे गमावली. मुंबईच्या तरुणांनी घरे राखली, पण सभा गमावली. कोणते बरोबर, याचा निवाडा येथे बसून करणे सोपे नाही.

२४/ शेवटी पुन्हा शिक्षकाकडे. ड्रमंड यांच्या मिश्र वर्गात बसलेला मुलगा डेरोझिओ झाला. डेरोझिओंच्या सभेत बोललेला मुलगा रामतनू लाहिरी झाला, आणि लाहिरींनी १८३३ पासून पुढे कित्येक वर्षे कृष्णनगर, उत्तरपाडा अशा ठिकाणी वर्ग घेतले. पुढे शिवनाथ शास्त्रींना त्या काळच्या बंगाली समाजाचा इतिहास लिहायचा होता, तेव्हा त्यांनी तो लाहिरींच्या चरित्राभोवती गुंफला (१९०४). मंडळाने एप्रिल १८३१ मध्ये एका शिक्षकाला काढले. त्याची रीत मात्र तोवर दुसऱ्याच्या हाती गेली होती.

२५/ तुमच्या मनाला वळण देणारी एखादी शिक्षकाची सवय आठवते का? त्यांनी काय शिकवले यापेक्षा, तुम्ही चुकलात किंवा वेगळे बोललात तेव्हा त्यांनी काय केले, ते आठवून पाहा. उत्तर बहुधा तिथेच सापडेल. खाली जरूर लिहा. पुढचा धागा परमहंस सभेवर.